मल्लखांब आणि सर्वांगाचा व्यायाम

व्यायामाची गोष्ट निघाली म्हणजे आपल्या सुशिक्षित घरांतून एक प्रश्न हटकून विचारला जातो. वेळ थोडा आहे, जागा त्याहून थोडी आहे, आणि मुलांना अभ्यासातून मोकळीक अशी फारशी नाहीच. तेव्हा ज्यात मानेपासून पायाच्या आंगठ्यापर्यंत सारे अवयव एकदम राबतील असा एकच खेळ कोणता, तेवढा सांगा म्हणजे झाले! ह्या प्रश्नाला कोणी पोहणे हे उत्तर देतात, कोणी सूर्यनमस्कार सुचवितात, कोणी कुस्तीचे नाव घेतात. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य आहेच. परंतु मराठी मुलखाने ह्याच प्रश्नाचे स्वतःचे असे एक उत्तर सुमारे दोनशे वर्षांपूर्वी दिलेले आहे. ते उत्तर म्हणजे जमिनीत पुरलेला, तेल पाजलेला एक लाकडी खांब. हा मल्लखांब कसा उभा राहिला, बराच काळ तो मोजक्या तालमींतच का अडकून पडला, आणि पुढे तेथून बाहेर कसा आला, ह्याचा वृत्तांत आम्ही येथे थोडक्यात देणार आहो. तो दिल्यावर ‘सर्वांगाचा व्यायाम’ ह्या शब्दांचा अर्थ आपण समजतो त्याहून जरा विस्तृत आहे, असे वाचकांस वाटल्यावाचून राहणार नाही अशी आमची समजूत आहे.

आरंभ बराच मागे जाऊन केला पाहिजे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर हा राजा इ. स. ११२६ ते ११३८ ह्या काळात राज्य करीत होता. त्याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ म्हणजे त्या काळच्या राजजीवनाचा कोशच होय. पाककलेपासून हत्तींच्या शिक्षणापर्यंत अनेक विषय त्यात आले असून मल्लांच्या विनोदासही त्यात स्वतंत्र स्थान दिलेले आहे. मल्लांनी कोणते श्रम करावेत हे सांगताना त्या ग्रंथात पाच प्रकार येतात: भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, बाहुपेल्लणकश्रम आणि स्तंभश्रम. वजन उचलणे, चालणे, पाण्यात पोहणे, बाहूंच्या बळाचा व्यायाम आणि खांबावरील व्यायाम, असा त्यांचा अर्थ सामान्यतः केला जातो. ह्या यादीकडे वाचकांनी क्षणभर लक्ष द्यावे. एकाने स्नायूंचे बळ वाढते, दुसऱ्याने दम वाढतो, तिसऱ्याने छाती आणि श्वास ह्यांना वळण लागते, चौथ्याने भुजा बळावतात आणि पाचव्याने अंग चपळ व चिवट होते. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या ह्या ग्रंथकाराने कोणत्याही एका श्रमाला पूर्णतेची पदवी दिलेली नाही. पाचांचा मेळ घालून त्याने मल्लाचा दिनक्रम बसविला आहे. हा मुद्दा आमच्या निबंधाच्या अखेरीस पुन्हा उपयोगी पडावयाचा आहे.

ह्यावरून एवढे सिद्ध होते, की खांबाशी झटण्याची कल्पना दक्षिणेत बाराव्या शतकातही होती. मल्लाला तिची गरज का पडावी, हेही उघड आहे. कुस्तीला जोडीदार लागतो. आणि बरोबरीचा, रोज मिळणारा, न थकणारा व न रागावणारा जोडीदार मिळणे कठीण. खांब हा असा जोडीदार होय. तो मुका आहे, अचल आहे, आणि मल्लाने किती वेळा त्याला कवटाळले तरी त्याची हरकत नाही. त्याच्या कमरेला पायांचा विळखा घालता येतो, मानेला हाताचा, आणि बगलेत धरून त्याच्याभोवती फिरताही येते. अर्थात खांब हा मुळात प्रतिपक्ष्याचा पुतळा होता. त्यावरील कसरत ही कुस्तीची दासी म्हणून जन्मास आली. स्वतंत्र संसार तिने फार पुढे थाटला.

आता पेशवाईच्या अखेरच्या पर्वाकडे येऊ. दुसरा बाजीराव १७९६ साली पेशवेपदावर आला. राज्यकर्ता म्हणून इतिहासाने त्याच्याविषयी जो निकाल दिला आहे तो सर्वश्रुत आहे, आणि तो बदलण्याचा आमचा हेतू नाही. परंतु व्यायामाच्या इतिहासात त्याच्या दरबाराचे नाव एका निराळ्या कारणाने राहिले आहे. त्याच्या पदरी बाळंभटदादा देवधर नावाचे मल्लविद्येचे गुरू होते. परंपरा अशी सांगते, की निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब ह्या नावांचे दोन नामांकित पैलवान पुण्यास आले व त्यांनी दरबारात कुस्तीचे आव्हान दिले. ते स्वीकारण्यास कोणी पुढे येईना. तेव्हा तरुण बाळंभट पुढे झाले; मात्र त्यांनी तयारीसाठी काही दिवसांची मुदत मागून घेतली. ते वणीच्या सप्तशृंगीवर जाऊन अनुष्ठानास बसले. तेथे देवीच्या कृपेने त्यांना मारुतीचा दृष्टान्त झाला आणि लाकडी खांबावर कुस्तीचे डाव कसे घोटावेत हे मारुतीने त्यांना शिकविले. परत आल्यावर त्यांनी एका पैलवानास चीत केले आणि ते पाहून दुसरा माघारी फिरला, असा ह्या कथेचा शेवट आहे.

आख्यायिका म्हणून ही कथा गोड आहे, आणि आजही पुष्कळ तालमींत खांबाला हात लावण्यापूर्वी मारुतीला नमस्कार करण्याची जी रीत आहे तिच्याशी ती चांगली जुळते. तथापि इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्यातील दोन गोष्टी वेगळ्या काढल्या पाहिजेत. दृष्टान्ताचा भाग श्रद्धेचा आहे. तो श्रद्धेकडेच राहू द्यावा. पण बलाढ्य प्रतिपक्ष्यापुढे उभे राहावयाचे असता ज्याला योग्य जोडीदार नाही अशा हलक्या अंगाच्या माणसाने लाकडाला जोडीदार केले, हा त्यातील व्यवहाराचा भाग आहे, आणि तो सर्वस्वी पटण्याजोगा आहे. ‘मानसोल्लासा’तील स्तंभश्रम पाहता बाळंभटांना मल्लखांबाचे जनक म्हणण्यापेक्षा पुनरुद्धारक व शास्त्रकार म्हणणे अधिक न्यायाचे होईल. विखुरलेल्या पकडींना क्रम देणे, सोप्यापासून कठीणाकडे जाणारी पायरी बांधणे आणि ती शिष्यांच्या हाती सोपविणे हे त्यांचे कार्य. आणि कोणत्याही विद्येच्या बाबतीत हे कार्य जन्म देण्याइतकेच मोलाचे असते.

ज्या वाचकांनी मल्लखांब जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्याचे थोडे वर्णन करणे इष्ट आहे. पुरलेला मल्लखांब बहुधा सागाचा किंवा शिसवीचा असतो. जमिनीच्या वर तो सुमारे साडेआठ फूट राहतो. खाली जाड, वर निमुळता. खालच्या मोठ्या भागाला अंग म्हणतात, त्यावरील बारीक भागाला मान, आणि अगदी शेंड्याच्या गोल गाठीला बोंड. म्हणजे लाकडालाही माणसाच्याच देहाची नावे दिलेली आहेत. तो मुळात प्रतिपक्ष्याचा पुतळा होता ह्याची ही आणखी एक खूण होय. कातडी सोलवटू नये आणि पकड कसोटीस लागावी म्हणून खांबाला एरंडेल चोळतात. ह्याशिवाय साखळीने टांगलेला एक मल्लखांब असतो. तो हलतो व फिरतो, म्हणून त्यावर तोल राखणे अधिक अवघड जाते. तिसरा प्रकार वेताचा. त्याची जागा पुढे दोरीने घेतली. उंचावरून सोडलेली दोरी पायाचा आंगठा व त्याशेजारचे बोट ह्यांच्या बेचक्यात धरून चढावयाचे आणि तिच्याच वेढ्यात निरनिराळी आसने करावयाची, असा तो प्रकार आहे.

प्रकारांची नावे ऐकली तरी ही विद्या कोठल्या मातीत वाढली हे समजते. अढी, तेढी, बगली, सलामी, झाप, वेल, फरारा, ताजवा, सुईदोरा ह्यांपैकी एकही शब्द पंडितांच्या घरचा नाही. वेलात अंग खांबाभोवती वळसे घेत वर सरकते, जसा भोपळ्याचा वेल मांडवाच्या मेढीवर चढावा. सुईदोऱ्यात हात आणि खांब ह्यांच्यामधील अरुंद फटीतून सारे शरीर ओवून बाहेर काढावयाचे असते. ताजव्यात तोल आहे, हे नावच सांगते. घरातल्या, परसातल्या आणि बाजारातल्या वस्तूंवरून ही नावे पडली आहेत, आणि त्यामुळे आठ वर्षांच्या मुलालाही ती एकदा ऐकली की विसरत नाहीत.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ह्या व्यायामाला सर्वांगाचा व्यायाम का म्हणावे? सिंगल बार किंवा डबल बार ह्या विलायती साधनांवर शरीर प्रायः हातांनी तोलले जाते. पाय हवेत डौलाने फिरतात, परंतु साधनाला घट्ट धरण्याचे काम त्यांच्याकडे क्वचितच येते. मल्लखांबावर तसे नाही. तेथे मांड्यांच्या आतल्या बाजूचे स्नायू खांबाला चिमट्यात धरतात. गुडघ्याची लवण, काख, कोपराची घडी, पोटऱ्या, तळपाय हे सारे पाळीपाळीने हाताचे काम करतात. डोके खाली व पाय वर अशा स्थितीत अढी घालून मुलगा लोंबकळतो तेव्हा त्याची पाठ व पोट कमानीसारखी ताठ राहतात. तेथून तो उठून पुन्हा खांब गाठतो तेव्हा पोटाचे स्नायू काम करतात. आणि बोंडावर उभा राहतो तेव्हा घोटे, डोळे व मन ह्यांचा एकच विचार चाललेला असतो. वजन स्वतःच्या देहाचेच असते, म्हणून ताकद देहाच्या प्रमाणात वाढते. फाजील मांस चढत नाही. थोडक्या वेळात, थोडक्या जागेत, एका लाकडावर इतक्या अवयवांस राबविणारे दुसरे साधन आमच्या तरी पाहण्यात नाही.

येथे एका समकालीन गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. बाळंभटदादा पेशव्यांच्या आश्रयाने ही विद्या सांगत होते त्या सुमारासच युरोपातही दोन माणसे अशाच उद्योगाला लागली होती. १८०६ साली येना येथे नेपोलियनने प्रशियाचा पाडाव केला. त्या पराभवाने व्यथित झालेल्या फ्रीड्रिख लुडविग यान ह्या शिक्षकाने १८११ साली बर्लिनबाहेर हासेनहाइड ह्या ठिकाणी उघड्या मैदानावर व्यायामशाळा काढली. खांब, दोर, आडव्या दांड्या अशी साधने तेथे उभी केली आणि विद्यार्थ्यांना राष्ट्रासाठी शरीर कमावण्याची दीक्षा दिली. दोनच वर्षांनी, १८१३ साली, स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग ह्याच्या प्रयत्नाने स्टॉकहोम येथे व्यायामशिक्षणाची मध्यवर्ती संस्था सरकारी आश्रयाने स्थापन झाली. आज जगभर ज्याला जिम्नॅस्टिक्स म्हणतात त्याचे पुष्कळसे पितृत्व ह्या दोघांकडे जाते.

तिघांची तुलना केली असता मनात प्रथम अभिमान येतो आणि मागोमाग विषाद. साधनाच्या दृष्टीने बाळंभटांचा खांब यानच्या दांड्यांहून उणा नव्हता. परंतु यानने आपली विद्या १८१६ साली ग्रंथरूपाने छापून काढली. १८१९ साली त्याला राजद्रोहाच्या संशयावरून अटक झाली, प्रशियात त्याच्या व्यायामशाळांवर बंदी आली व ती १८४२ पर्यंत टिकली; तरी ग्रंथ राहिला, शिष्य राहिले, आणि बंदी उठताच शाळाशाळांतून ते शिक्षण सुरू झाले. इकडे १८१८ साली पेशवाई बुडाली. बाजीराव आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्तास जाऊन राहिला व १८५१ साली तेथेच वारला. त्याच्याबरोबर ही विद्याही गंगाकाठी गेली. देवधरांचे घराणे, दामोदरगुरू मोघे, कोंडभटनाना गोडबोले अशी जी गुरुपरंपरा सांगतात ती पाहिली म्हणजे विद्या जिवंत राहिली हे दिसते. पण ती मुखाने मुखाला, अंगाने अंगाला दिली जात होती. जेथे गुरू तेथे खांब. गुरू गेला की खांब उघड्यावर वाळत पडावयाचा. काशी व माळवा ह्या बाजूंना जे आखाडे निघाले, आणि उज्जैनीचे अच्युतानंद गुरूंचे आखाडे ज्यांपैकी एक होय, त्यांची कथा ह्याच गुरुशिष्यपरंपरेची आहे. ब्रह्मावर्ती वाढलेल्या मनूताईने, म्हणजे पुढे झाशीची राणी झालेल्या लक्ष्मीबाईने, बालपणी मल्लखांबाचा अभ्यास केला होता असेही परंपरा सांगते. राजवाड्यातील एका मुलीला जे मिळाले ते गावातील मुलींना मिळावयास मात्र पुढे पिढ्यान्‌पिढ्या जाव्या लागल्या.

गुरूंच्या नावांवरून आणखीही एक गोष्ट ध्यानात येते, आणि ती सांगताना संकोच करू नये. ही विद्या ब्राह्मण गुरूंच्या व राजाश्रयाच्या मर्यादित वर्तुळात फिरत होती. महाराष्ट्रातील मल्लांचा मोठा समुदाय निराळा होता. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधले, तेव्हा तेथे लोटणारी गर्दी सर्व जातींची व खेड्यापाड्यांची होती. तिकडचा पैलवान जोर, बैठका आणि तांबड्या मातीतील लढतींवर वाढत होता. म्हणजे असे झाले, की जो व्यायाम शरीराच्या एकाही अवयवाला वगळीत नाही, तो समाजाच्या बऱ्याच अवयवांना वगळून चालला होता. आणि ज्या मध्यम वर्गाच्या गल्लीत तो होता त्या वर्गालाही त्याची चाड राहिली नव्हती. इंग्रजी विद्येबरोबर लेखणी हेच हत्यार ठरले. तालीम म्हणजे गुंडांचा अड्डा, असे घरोघर बोलले जाऊ लागले. लोकमान्य टिळकांनी १८७२ साली मॅट्रिक झाल्यावर डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यास बाजूस सारून शरीर कमावण्यात घालविले ही गोष्ट आपण मुलांना मोठ्या कौतुकाने सांगतो. पण ती सांगण्यासारखी वाटावी इतकी ती त्या काळी विरळा होती, हेही लक्षात घ्यावे.

ही कोंडी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फुटली. १९१४ साली अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. १९२४ साली पुण्यास कॅप्टन दामले ह्यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढले. १९२५ साली दादरला काळे गुरुजींनी श्री समर्थ व्यायाम मंदिर सुरू केले. बडोद्यास प्रो. माणिकराव हे जुम्मादादा व्यायाममंदिरातून आधीपासूनच हे कार्य करीत होते. शेकडो मुलांना एका ओळीत उभे करून देशी आज्ञांवर सांघिक व्यायाम देण्याच्या पद्धतीस त्यांनी मोठी चालना दिली. ह्या सर्वांचा विशेष असा, की त्यांनी तालमीची संस्था केली. तालमीत शिष्य गुरूकडे राहत असे. संस्थेत मूल संध्याकाळी येते, वर्गणी भरते, इयत्तेप्रमाणे शिकते आणि घरी जाते. गुरू बदलला तरी खांब उभा राहतो. आणि जे काम यानने १८१६ साली केले होते ते आपल्याकडे अखेर बडोद्यास झाले. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार ह्यांनी संपादिलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ १९३६ ते १९४९ ह्या काळात दहा खंडांत प्रसिद्ध झाला. मुखोद्गत असलेली विद्या चित्रांसह कागदावर उतरली. एकशेवीस वर्षांचा उशीर झाला हे खरे. पण झाले हेही थोडे नव्हे.

योगायोग असा, की ज्ञानकोशाच्या प्रकाशनास आरंभ झाला त्याच १९३६ साली अमरावतीच्या मंडळाचे पथक बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगी गेले व तेथे त्याने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. ज्या नगरीबाहेर सव्वाशे वर्षांपूर्वी यानने आपली पहिली व्यायामशाळा मांडली होती त्याच नगरीत मराठी तरुण आपले देशी खेळ दाखवीत होते. त्या वेळच्या जर्मनीतील राज्यकर्त्यांनी यानचे नाव व व्यायामाचे शास्त्र ह्यांचा जो दुरुपयोग चालविला होता तो आज सर्वांस ठाऊक आहे. आणि शरीर कमावण्याच्या विद्येला राष्ट्राभिमानाचे पाणी फार दिले म्हणजे काय होते ह्याचा तो धडाच आहे. आपल्या व्यायामसंस्थांनीही तो विसरू नये.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास अधिक परिचयाचा आहे. १९६२ साली अखिल भारतीय पातळीवर मल्लखांबाच्या स्पर्धा सुरू झाल्या, आणि १९८१ साली ह्या खेळाचा स्वतंत्र महासंघ पुढे आला. नियम ठरले, गुण ठरले, वयोगट ठरले. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव ह्यांनी कुस्तीत पदक मिळविले तेव्हा मल्लविद्येची प्रतिष्ठा साऱ्या देशात वाढली होती. परंतु तोवर मल्लखांबाने कुस्तीची चाकरी जवळजवळ सोडली होती व तो स्वतःच्या पायांवर उभा राहू पाहत होता. २०१३ साली मध्य प्रदेश सरकारने त्याला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर त्याची पहिली जागतिक स्पर्धा भरली व तीत परदेशी खेळाडूंनीही भाग घेतला. २०२१ सालच्या अर्जुन पुरस्कारांत हिमानी परब ह्या मराठी मुलीचे नाव मल्लखांबासाठी आले, आणि २०२४ साली श्री. उदय देशपांडे ह्यांना पद्मश्री देऊन सरकारने ह्या विद्येच्या शिक्षकाचा गौरव केला.

ह्या सन्मानांपेक्षाही आम्हांस अधिक महत्त्वाच्या वाटतात त्या दोन-तीन लहान गोष्टी. दोरीच्या मल्लखांबावर आज मुली सर्रास दिसतात, आणि पुरलेल्या खांबापासूनही त्या दूर राहिलेल्या नाहीत. शिवाजी पार्कच्या संस्थेत दृष्टिहीन मुलांनाही हा खेळ शिकविला गेला आहे. वाचकांना ह्याचे नवल वाटेल; पण विचार केल्यास असे दिसेल, की चेंडू डोळ्यांनी पाहावा लागतो, तर खांब अंगाने ओळखावा लागतो. तो हलत नाही, पळत नाही. एकदा हाती आला की आपण कोठे आहो हे कातडीच सांगते. तिसरी गोष्ट छत्तीसगडातील नारायणपूर व अबूझमाड भागाची. अरण्यातील आदिवासी मुलांनी हा खेळ आपलासा केला आणि देशभर नाव मिळविले. पेशव्यांच्या दरबारातून निघालेला खांब अबूझमाडच्या अरण्यापर्यंत पोहोचला, म्हणजे आता कोठे तो समाजाच्या सर्वांगाला भिडू लागला आहे.

ह्या उत्कर्षाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्पर्धा आली की प्रेक्षक येतात, आणि प्रेक्षक आले की कसरत दिसण्यासाठी होऊ लागते. मनोरे, झगमगीत पोशाख, वाद्यांचा ठेका, जमिनीवरील उड्या ह्यांना टाळ्या मिळतात. अढी नीट बसली की नाही हे जाणत्यालाच कळते. गुणांच्या मोहाने लहान वयातच पाठीची कमान ताणण्याकडे ओढा होतो. शंभरांतून पाच मुले निवडून त्यांच्यावरच सारे श्रम खर्च करण्याची वृत्ती बळावते, आणि उरलेली पंच्याण्णव मुले बाकावर बसून टाळ्या वाजवितात. हा धोका आहे हे खरे. तथापि स्पर्धेला सरसकट नावे ठेवणारांशी आम्ही सहमत नाही. राजाश्रय गेल्यावर ह्या विद्येला जे दुसरे पोषण मिळाले ते संस्थांचे व स्पर्धांचेच होय; त्यांच्यावाचून आज पुष्कळ ठिकाणी खांबच उरला नसता. तेव्हा स्पर्धा असावी. पण संस्थेचे यश पदकांवरून न मोजता, खांबाला नित्य हात लावणाऱ्या साध्यासुध्या मुलांच्या संख्येवरून मोजावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. ज्याला फरारा कधीच साधणार नाही अशा मुलालाही साध्या उडीचा व अढीचा हक्क आहे.

आणि आता आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. सर्व अवयवांना राबविणारा एकच खेळ कोणता? मल्लखांब हे ह्या प्रश्नाचे फार जवळचे उत्तर आहे. परंतु पूर्ण उत्तर तेही नाही. खांबावरची कसरत थोड्या क्षणांची असते. हृदय व फुप्फुसे ह्यांना लांबवर चालण्याने, धावण्याने किंवा पोहण्याने जो दम लाभतो तो तीतून तितकासा लाभत नाही. ‘मानसोल्लासा’तील पाच श्रमांची यादी येथे आठवावी. स्तंभश्रमाबरोबर भ्रमण आणि सलिल हे दोन श्रम त्या ग्रंथकाराने उगाच जोडलेले नाहीत. आठवड्यातून चार दिवस खांब, आणि उरलेल्या दिवसांत खो-खोचे मैदान, नदी किंवा निदान टेकडीची वाट, असा क्रम ज्या मुलाला मिळेल त्याला आणखी कोणता व्यायाम पाहिजे, हे शोधत बसण्याची गरज उरणार नाही.

खर्चाची सबब ह्या बाबतीत कोणाला सांगता यावयाची नाही. एक खांब, थोडे एरंडेल, खाली मऊ माती किंवा गादी, आणि जाणता शिक्षक एवढ्यावर साऱ्या आळीची मुले वाढू शकतात. ह्यांतील पहिल्या तीन वस्तू सहज मिळतात. चौथी दुर्मिळ आहे. शिक्षकावाचून मुलांना खांबावर चढवू नये, हे आम्ही आग्रहाने सांगतो. कारण पडण्याचे भय खरे आहे आणि हात देणारा माणूस जवळ असल्यावाचून ही विद्या शिकविता येत नाही. परंतु शिक्षक तयार होतो तो मागणी असली म्हणजेच. आपल्या घरांतून गणिताच्या व इंग्रजीच्या शिकवणीसाठी जेवढी चौकशी होते तिच्या दहाव्या हिश्शाने जरी जवळच्या व्यायामशाळेत मल्लखांब शिकविणारा आहे काय अशी चौकशी झाली, तर तसे शिक्षक निर्माण होण्यास फार दिवस लागणार नाहीत. बाळंभटदादांना एका आव्हानामुळे मुदत मागून खांबापाशी जावे लागले. आपल्या मुलांपुढे अली आणि गुलाब उभे नाहीत; त्यांच्यापुढे दिवसभराची बैठक आणि वाकलेली पाठ उभी आहे. हे आव्हान अधिक मुकाट्याने येते, म्हणून त्याची मुदतही आपणच ठरवून घेतली पाहिजे.